पडद्यावरचे तारुण्य, वार्धक्य आणि पैलतीर



वाटाण्याचा एक दाणा कुंडीत पेरला, तर त्याला कोंब कधी फुटला, पान कधी उलगडले, वेल कधी चढली, हे आपल्याला दिसत नाही. सकाळी पाहावे तर काल होता तसाच. आठ दिवसांनी पाहावे तर हा एवढा वाढलेला. आपण शेतकरी माणसे हे रोजच अनुभवतो. पीक वाढताना कुणी पाहिले आहे? वाढलेले मात्र सगळेच पाहतात. मुलांचेही तसेच आणि आपल्या स्वतःच्या म्हातारपणाचेही तसेच.

१९१२ साली मुंबईत एका गृहस्थाने अशीच वाटाण्याची कुंडी ठेवली आणि तिच्यासमोर कॅमेरा मांडला. रोज थोडेथोडे चित्र घ्यायचे आणि झाकून ठेवायचे. महिनाभराने ती फीत पडद्यावर दाखवली, तेव्हा मिनिटाभरात दाण्याचा कोंब झाला, कोंबाची वेल झाली. पाहणारे थक्क झाले. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब म्हणतो. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १८७० सालचा. हा एवढासा चित्रपट त्यांनी केला तो पुढच्या मोठ्या उद्योगाला कुणी पैसे द्यावेत म्हणून. पण मला वाटते, चित्रपट म्हणजे काय हे आपल्या देशात त्या वाटाण्याने पहिल्यांदा सांगितले. काळ हातात धरता येतो. वाढते वय पळवता येते, थांबवता येते, आणि मनात आणले तर उलटही फिरवता येते.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते याबद्दलच. मराठी चित्रपटाने तरुणपण कसे दाखवले, म्हातारपण कसे दाखवले, आणि माणूस डोळे मिटतो त्याच्या पलीकडचे काय दाखवले? शंभराहून अधिक वर्षांची ही हकीगत आहे. सगळी सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही, म्हणून चारसहा चित्रपटच घेतो. ते निवडले आहेत माझ्या आवडीने, हे आधीच कबूल करतो.

फाळक्यांना चित्रपटाचा नाद लागला तो येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक मूकपट पाहून. मुंबईत गिरगावात त्यांनी तो पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचा जन्म होतो, त्याला क्रुसावर चढवतात, आणि पुढे तो मृत्यूतून उठतो. समोर हे चालू असताना फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. म्हणजे पाहा, आपल्या चित्रपटाचे बीजच मुळी मरण आणि मरणापलीकडचे यांत पडले आहे. पैशासाठी त्यांनी काय गहाण टाकले? आपल्या आयुष्याच्या विम्याचे कागद. जी रक्कम माणूस गेल्यावर बायकामुलांच्या हाती यायची, तिच्यावर कर्ज काढून ते विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्यात रोहिदासाचे काम फाळक्यांच्याच मुलाने, भालचंद्राने केले. तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, कारण त्या काळी बाई मिळेना. गोष्ट आपल्याला पाठ आहे. मुलगा मरतो, आई त्याला स्मशानात घेऊन जाते, आणि दहनाचे दाम मागायला समोर उभा राहतो तो त्याचाच बाप. या चित्रणाच्या वेळची एक आठवण सांगतात. भालचंद्र खेळताखेळता दगडावर पडला, डोक्याला खोक पडून बेशुद्ध झाला. मंडळी घाबरली. फाळक्यांनी उपचार केले, आणि मूल अजून शुद्धीवर आलेले नाही हे पाहून रोहिदासाच्या मरणाचा प्रसंग तेव्हाच चित्रित करून टाकला. ऐकताना अंगावर काटा येतो. हे धैर्य म्हणावे की कठोरपणा, मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या पहिल्या काळातले मरण तसे खरे मरण नव्हतेच. देव प्रसन्न झाला की रोहिदास उठून बसायचा. सावित्रीने हट्ट धरला की सत्यवान परत यायचा. फाळक्यांनी तीही कथा १९१४ साली पडद्यावर आणली होती. देवादिकांचे लोक रंगवलेल्या पडद्यांवर दिसायचे, देव प्रकट व्हायचे, अंतर्धान पावायचे. प्रेक्षकांना त्यात खोटे काही वाटत नसे. कीर्तनात ऐकले होते तेच आता डोळ्यांनी दिसत होते. म्हातारपण मात्र त्या चित्रपटांत जवळजवळ नव्हतेच. ऋषी होते, पण ऋषी म्हातारे होत नाहीत. ते जन्मतःच दाढीवाले!

यानंतर बोलपट आला. कोल्हापुरात १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांनी ‘प्रभात’ कंपनी काढली. १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट त्यांचाच, आणि गोष्टही पुन्हा हरिश्चंद्राचीच. तारामती मात्र या वेळी खरी बाई होती, दुर्गा खोटे. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला आली, आणि तिथे १९३६ साली एक चित्रपट तयार झाला, ज्याच्यापाशी मला जरा थांबायचे आहे.

तो म्हणजे ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक हिंदू आणि एक मुसलमान. दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. हे गृहस्थ पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, हे सांगितले तर आज कुणाला खरे वाटणार नाही. जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने लिहिला होता. तो इतका साधला की भलेभले तो तुकोबांचाच म्हणून गाऊ लागले! गावोगावी तंबूतल्या सिनेमात तो लागायचा, तेव्हा माणसे पडद्याला हात जोडीत. पागनीस रस्त्यात दिसले तर लोक त्यांच्या पाया पडत.

या चित्रपटाच्या अखेरीस तुकोबा वैकुंठाला जातात. आता इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली वयाची. आपल्या डोळ्यांपुढे तुकोबा येतात ते प्रौढ, पोक्त, जवळजवळ वृद्ध. पण रूढ समजुतीप्रमाणे त्यांचा जन्म १६०८चा आणि वैकुंठगमन १६५०चे. म्हणजे वय बेचाळीस. आपल्यापैकी कितीतरी जण या वयात मुलीचे लग्न आणि विहिरीचे कर्ज यांच्या मधोमध उभे असतात. पागनीसही त्या वेळी साधारण त्याच वयाचे होते. संत म्हटला की आपण त्याला उगाच म्हातारा करतो. त्याने आपल्याच वयात हे सारे केले, हे मान्य करायला कदाचित अवघड जाते.

दुसरी गोष्ट जिजाईची. गरुडाचे विमान येणार, वैकुंठाचे दार उघडणार, आणि तुकोबा बायकोला म्हणतात, तूही चल. ती काय करते? ती जात नाही. घरात काम आहे, पोरे आहेत, त्यांच्याकडे कोण पाहील? हीच जिजाई आधी पोर आजारी पडल्यावर पायातले पायताण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात गेलेली आहे. तिला देवाची भीती नाही आणि वैकुंठाचे आकर्षणही नाही. तिला उद्याच्या पिठाची काळजी आहे. मग विमान उडते. त्या काळी संगणक नव्हते; जे दाखवायचे ते कॅमेऱ्याच्या आणि कारागिरांच्या हातांनी करायचे. आज पाहताना ते विमान आपल्याला जत्रेतल्या चित्रासारखे वाटेल. पण त्याच्याकडे पाहणारा जिजाईचा चेहरा जत्रेतला नाही. तो आपल्या घरातला आहे. नवरा डोळ्यांदेखत आभाळात जातो आहे आणि ती खाली उभी आहे.

मला वाटते, मराठी चित्रपटातले परलोकाचे चित्र या प्रसंगात वळले. तोवर आपण जाणाऱ्याबरोबर वर जात होतो. इथे पहिल्यांदा मागे राहणाऱ्याबरोबर खाली उभे राहिलो.

त्याच दोघा दिग्दर्शकांनी १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. इथे प्रश्न उलटा होता. ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे आजच्या हिशेबाने कॉलेज सोडून नोकरीच्या शोधात निघालेला मुलगा. भूमिका केली शाहू मोडक यांनी. ते अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले, आणि त्या वेळी त्यांचे वय होते बावीस. वय अगदी जुळले. देखणा, कोवळा चेहरा. या चेहऱ्यासमोर येतात चांगदेव, ज्यांचे वय दंतकथेत चौदाशे वर्षे सांगतात. योगबळाने मृत्यूला दर वेळी चुकवीत आलेले, वाघावर बसून येणारे. त्यांना सामोरी जाते एक भिंत आणि भिंतीवर बसलेली चार भावंडे. भिंत चालण्याचा चमत्कार पाहायला लोक गर्दी करीत हे खरे. पण ज्याने मरणाला चौदाशे वर्षे टाळले तो नमतो, आणि नमतो कुणापुढे? जो एकविसाव्या वर्षी आपल्या पायांनी समाधीत उतरणार आहे त्याच्यापुढे. शिक्षक मंडळींनी वर्गात भिंतीची गोष्ट सांगताना वयाचा हा हिशेबही जरूर सांगावा. मुलांना गणित आवडो न आवडो, हे आवडेल.

समाधीचा प्रसंग आला की वारकरी प्रेक्षक रडत. मला त्यात बोचते ती निवृत्तीनाथांची जागा. थोरला भाऊ आणि गुरूही. आणि धाकट्याला निरोप देण्याची पाळी त्याच्यावर. थोरल्याने धाकट्याला पोचवायचे, ही उलटी रीत ज्या घरावर आली असेल त्याला वेगळे सांगायला नको.

आता संतांना सोडून संसारात येतो. या दोन संतपटांच्या मधल्या काळात, १९३७ साली, त्याच प्रभात कंपनीत शांतारामबापूंनी ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. या चित्रपटाबद्दल बोलायला लागलो की मला वेळेचे भान राहत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

नीरा नावाची आईबापांवाचूनची मुलगी. मामाने पैसे घेऊन, फसवून तिचे लग्न लावले ते एका म्हाताऱ्या वकिलाशी. काकासाहेब त्याचे नाव. बायको वारलेली, मुलगा मोठा झालेला, मुलगी विधवा आणि समाजकार्य करणारी. या मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, आणि प्रत्यक्षातही संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलेल्या. म्हणजे सावत्र आई वयाने मुलीहून लहान! नीरा म्हणते, लग्न लावले असेल, पण मी याची बायको होणार नाही. कपाळावरचे कुंकू ती पुसत नाही, पण नवऱ्याला जवळही येऊ देत नाही. हे काम शांता आपट्यांनी असे केले आहे की पडद्यावरून बाहेर येऊन ही मुलगी आपल्याला जाब विचारते की काय असे वाटावे.

हा विषय मराठीला नवा नव्हता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे, आणि त्यातही जरठाचे लग्न होतेच. मौज अशी की, १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो हरविलास सारडा यांच्या नावाने. आपल्याकडे त्याचे ‘शारदा कायदा’ झाले आणि कित्येकांची आजही समजूत आहे की तो देवलांच्या शारदेच्या नावाने झाला! त्या कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा असे ठरवले. पण नवऱ्याचे वय जास्तीत जास्त किती असावे, याबद्दल कायद्यात काही नव्हते. म्हणजे वधू पंधराची आणि वर साठीचा असेल तर कायद्याला बोलायला जागा नव्हती. कायदा जिथे गप्प होता तिथे ‘कुंकू’ बोलला.

पण ‘शारदे’तला म्हातारा हसण्यासाठी होता. ‘कुंकू’तला तसा नाही, आणि हे मोठेपण केशवराव दात्यांचे. त्यांचे स्वतःचे वय तेव्हा पन्नाशीच्या आत होते. आरशासमोर उभा राहून हा म्हातारा आपले पांढरे केस लपवू पाहतो, तरुण दिसू पाहतो, आणि आरसाच त्याला चिडवतो. भिंतीवरचे जुने घड्याळ टिकटिक करीत राहते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही बरे का. जे आवाज घरात, रस्त्यावर असतात तेवढेच. त्यामुळे ते घड्याळ आपल्या कानांत जाऊन बसते. सुरुवातीला आपण त्या म्हाताऱ्याचा राग करतो. मग त्याला हसतो. मग केव्हातरी लक्षात येते की आपला राग कमी झाला आहे, आणि हा माणूस स्वतःच स्वतःला ओळखू लागला आहे. अखेर तो नीरेला बंधनातून मोकळी करतो, तिने योग्य वराशी लग्न करावे असे सुचवतो, आणि आपले आयुष्य आपल्या हाताने संपवतो.

इथे गरुडाचे विमान नाही. वैकुंठ नाही, नरकही नाही. आदल्याच वर्षी त्याच कंपनीच्या तुकारामांना न्यायला विमान आले होते. काकासाहेबांना न्यायला कुणीच येत नाही. ते मागे काय ठेवून जातात? एका मुलीची सुटका. आणि खरे सांगू? तो शेवट मला पूर्ण पटत नाही. चूक कळलेल्या म्हाताऱ्याने जगून दाखवायला हवे होते. मरून त्याने नीरेला मोकळे केले, की समाजाच्या डोळ्यांत विधवा केले? चित्रपट या प्रश्नाशी येऊन थांबतो. त्या काळी याहून पुढे जाणे कदाचित शक्य नव्हते.

१९४१च्या ‘शेजारी’मध्ये पुन्हा केशवराव दाते, या वेळी जिवबा पाटील म्हणून; आणि त्यांचे मित्र मिर्झा म्हणून गजानन जागीरदार. दोघे म्हातारे शेजारी, एकत्र बुद्धिबळ खेळणारे. गावात धरणाचे काम येते, ठेकेदाराच्या स्वार्थापायी दोघांच्या मैत्रीत विष कालवले जाते, आणि शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे एकमेकांचा हात धरून जातात. जागीरदार तेव्हा चौतिशीचे होते, पण चालणे, बसणे, डोळे किलकिले करून पाहणे, सगळे म्हाताऱ्याचे. तरुण नट म्हातारा झाला की आपण वाहवा करतो. पण म्हाताऱ्यांची मैत्री हा विषय तिथे खऱ्या अर्थाने आला, तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या पारावर अशी जोडी असतेच. एक गेला की दुसरा फार दिवस राहत नाही.

‘श्यामची आई’बद्दल मी थोडेच बोलणार आहे, कारण ती आपल्या सर्वांना माहीत आहे. साने गुरुजींचे पुस्तक, आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट, वनमालाबाई आई आणि माधव वझे श्याम. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्यांदा दिले गेले ते याच चित्रपटाला. त्या कथेत आईच्या शेवटच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नसतो. पुढचे सगळे आयुष्य तो तिची गोष्ट सांगत राहतो. या कथेतला परलोक म्हणाल तर तो हाच आहे: संध्याकाळी चार माणसे बसलेली आणि एकजण आईची आठवण सांगतो आहे. वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले, केस पिकले, तरी लोकांच्या लेखी ते श्यामच राहिले. पडद्यावर बालपण एकदा उमटले की माणसाला ते जन्मभर सोडत नाही.

शिक्षकांसाठी मात्र एक चित्रपट मुद्दाम राखून ठेवला आहे. १९७२ सालचा ‘पिंजरा’. पुन्हा शांतारामबापूच. डॉ. श्रीराम लागू गुरुजी झाले आणि संध्याबाई तमाशातली चंद्रकला. गावाला तमाशापासून वाचवायला निघालेले आदर्श गुरुजी स्वतःच त्या फडात अडकतात. अब्रू जाण्याची वेळ येते, तेव्हा एका प्रेताच्या अंगावर ते आपले कपडे चढवतात. गाव समजते, गुरुजींचा खून झाला. गाव रडते, गुरुजींचा पुतळा उभारते. आणि जिवंत गुरुजी तमाशाच्या फडात हलकीसलकी कामे करीत दिवस काढतात. अखेर त्यांनाच पकडतात. आरोप कोणता? गुरुजींचा खून केल्याचा!

‘नाही हो, मीच तो गुरुजी’ एवढे म्हटले तर फाशी टळते. ते म्हणत नाहीत. गावाच्या मनातला गुरुजी जिवंत राहावा म्हणून ते स्वतः मरायला तयार होतात.

या चित्रपटाचे मूळ एका जर्मन चित्रपटात आहे, ‘ब्लू एंजल’, १९३० सालचा. त्यातही एक शिक्षक एका नाचणाऱ्या बाईपायी धुळीला मिळतो, आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात, आपल्या टेबलाला घट्ट धरून मरतो. संपले. त्याचा पुतळा नाही, त्याच्यामागे गाव नाही. पुतळ्याची गोष्ट मराठीत आली, आणि मला ती फार आपली वाटते. देह जातो पण नाव उरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ‘पिंजरा’ विचारतो की नाव आधी गेले आणि देह उरला तर काय करायचे? गावच्या शाळेत काम करणाऱ्या माणसाला या प्रश्नाची धार जास्त कळते. शहरात मास्तर शाळा सुटली की गर्दीत मिसळून जातो. गावात त्याला चोवीस तास गुरुजीच राहावे लागते, चहाच्या टपरीवरसुद्धा. तो पुतळा आपल्यापैकी प्रत्येकाचा थोडाथोडा उभारलेला असतोच.

‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीला मिळायला पन्नास वर्षे लागली. ते मिळाले ‘श्वास’ला, २००४ साली. दिग्दर्शक संदीप सावंत. कोकणातला एक लहान मुलगा, परशुराम. त्याच्या डोळ्यांत कर्करोग. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन आलेला त्याचा आजोबा. ते काम अरुण नलावडे यांनी केले आहे. म्हाताऱ्याचे डोळे अधू व्हावेत आणि नातवाने त्याला हात धरून न्यावे, ही जगाची रीत. इथे ती उलटते. निवृत्तीनाथांचे उदाहरण मघाशी दिले ते उगाच नाही. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा पोराला दवाखान्यातून कुणाला न सांगता बाहेर घेऊन जातो, कशासाठी, तर जेवढे जग दाखवता येईल तेवढे दाखवण्यासाठी. बाहेरची माणसे, रस्ते, रंग. दवाखान्यात शोधाशोध चाललेली, डॉक्टर रागावलेले. आणि म्हातारा पोराच्या डोळ्यांत जग भरून ठेवतो आहे, कणगीत धान्य भरून ठेवावे तसे.

या चित्रपटात मरण नाही, परलोक नाही, चमत्कार तर नाहीच. रोहिदास उठून बसला तसे डोळे परत येत नाहीत. नव्वद वर्षांत मराठी चित्रपट तिथून इथवर आला.

एक रुखरुख मात्र सांगायची राहिली. मी एवढे म्हातारे तुम्हाला दाखवले: काकासाहेब, जिवबा पाटील, मिर्झा, ‘श्वास’मधला आजोबा. सगळे पुरुष. म्हाताऱ्या बायका आपल्या चित्रपटांत नव्हत्या का? होत्या. पण त्या कुणाची तरी आई, कुणाची आत्या, कुणाची खाष्ट सासू. म्हातारी होत जाणारी बाई स्वतःबद्दल काय विचार करते, आरशात पाहून तिला काय वाटते, हे जुन्या पडद्याने फारसे विचारलेच नाही. तारुण्य बाईचे आणि वार्धक्य पुरुषाचे, अशी जणू वाटणीच झाली होती.

म्हणून मी पुन्हा जिजाईकडे वळतो. चित्रपट संपतो तेव्हा ती आभाळाकडे पाहत असते. पण देहूच्या परंपरेत तिची गोष्ट तिथे संपत नाही. तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती, असे सांगतात. विमान दिसेनासे झाल्यावर तिला घरात जाऊन चूल पेटवायची होती, असलेली पोरे सांभाळायची होती आणि एक नवे पोर जन्माला घालायचे होते. ते पोर म्हणजे नारायणमहाराज. बापाला त्याने कधी पाहिले नाही. बापाबद्दल त्याला जे कळले असेल, ते आईकडून आणि गावाकडून. पुढे १६८५ साली याच नारायणमहाराजांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि देहूहून आळंदी करून पंढरीच्या वाटेला लागले. आषाढी जवळ आली की आजही ती पालखी आपल्या गावांवरून जाते.